जीभ अडते तेव्हा : गावात राहून तोतरेपणावर काम कसं करायचं

माझ्या गावाचं नाव 'क'पासून सुरू होतं. यवतमाळहून दारव्ह्याच्या एसटीत बसलो की कंडक्टर जवळ येईपर्यंत मी ते नाव मनातल्या मनात वीसदा म्हणायचो. तो समोर उभा राहिला की घसा आवळायचा. मागून कोणीतरी म्हणायचं, "लवकर बोल ना गा, पुढं लोकं हाये." मग मी 'दारव्हा' म्हणून मोकळा व्हायचो, कारण 'द' मला जमायचा. तिकीट दारव्ह्याचं आणि उतरायचं अलीकडच्या फाट्यावर. कॉलेजची तीन वर्षं मी असे जास्तीचे पैसे भरले. घरी कोणाला कळू दिलं नाही.

आज पंचेचाळिशीत मी अजूनही अडखळतो, पण तिकीट माझ्याच गावाचं घेतो. मधल्या काळात जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे. ज्यांच्या तालुक्यात वाचा उपचार करणारं कोणी नाही आणि नागपूरला दर आठवड्याला जाणं परवडत नाही, त्यांच्यासाठी हे आहे.

आधी हे काय आहे ते समजून घ्या

आपल्याकडे बोबडा आणि तोतरा हे शब्द एकाच अर्थाने वापरतात. ते वेगळे आहेत. 'र'ला 'ल' म्हणणं हा बोबडेपणा. तोतरेपणात उच्चार येत असतो, काय बोलायचं तेही माहीत असतं, पण बोलणं पुढे सरकत नाही. हे तीन तऱ्हेने होतं. आवाज परत परत येतो (का-का-कापूस), ताणला जातो (सऽऽऽरकी), किंवा तोंड उघडं राहून आवाजच निघत नाही. तिसरी तऱ्हा सगळ्यात त्रासाची. समोरच्याला वाटतं हा गप्प बसला, आणि आत आपण पूर्ण जोर लावत असतो.

जगभरात मोठ्या माणसांपैकी शंभरात एकाला हा त्रास असतो. म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावात तुमच्यासारखी आणखी बरीच माणसं असणार. सुरुवात बहुतेकदा दोन ते पाच वर्षं वयात होते. अशा चार मुलांपैकी साधारण तीन पुढे आपोआप नीट बोलू लागतात. मोठेपणी राहिलेल्यांमध्ये बायकांपेक्षा पुरुष तीन-चार पट जास्त असतात. हे घराण्यात चालतं. माझा मामा अडखळायचा. २०१० साली संशोधकांना याच्याशी जोडलेली काही जनुकं सापडली. बोलण्याची वेळ जुळवणारी मेंदूतली यंत्रणा थोडी वेगळी चालते, हे मेंदूच्या तपासण्यांतूनही दिसलं आहे.

म्हणून पुढच्या गोष्टी मनातून काढून टाका. लहानपणी भ्यायल्यामुळे झालं, तोतऱ्याची नक्कल केली म्हणून लागलं, आईने लवकर दूध तोडलं, ग्रहणात काहीतरी झालं. यातलं काहीही कारण नाही. माझ्या मायने हा दोष तीस वर्षं स्वतःकडे घेतला होता. घाई, थकवा, भीती यांनी अडखळणं वाढतं, पण ती मूळ कारणं नव्हेत. बुद्धीशी तर याचा काडीचा संबंध नाही.

उपायांबद्दलही स्पष्टच सांगतो. वेखंड उगाळून जिभेवर लावणं, पोपटाचा उष्टा पेरू खाणं, तोंडात गारगोट्या धरून बोलणं हे सगळं माझ्यावर झालं आहे. गारगोट्या तर घशात अडकून जीव जाऊ शकतो. जिभेखालचा पडदा कापून तोतरेपणा जात नाही. १८४१ साली डीफेनबाख नावाच्या जर्मन शल्यचिकित्सकाने तोतऱ्या रुग्णांच्या जिभेचा चक्क तुकडा कापून पाहिला होता. त्यातून हाती लागल्या त्या फक्त वेदना. 'पंधरा दिवसांत गॅरंटीने बरा' अशी पाटी दिसली तर पैसे खिशातच राहू द्या.

एका बाबतीत मात्र हा लेख बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा. मोठ्या वयात अचानक बोलणं अडखळायला लागलं, त्यासोबत तोंड वाकडं झालं, हातापायातली शक्ती गेली किंवा डोक्याला मार लागला असेल, तर तो मेंदूचा आजार असू शकतो. तिथे एक तासही मोलाचा असतो.

पहिली पायरी : स्वतःला ऐका

मोबाइलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा. वाचन नको, बोलणं. घरच्या कोणाशी पाच मिनिटं पिकाबद्दल बोला आणि फोन बाजूला चालू ठेवा. नंतर एकटे बसून ऐका. पहिल्यांदा ऐकताना पोटात गोळा येईल. मी दोनदा बंद केला होता. तरी ऐका.

वहीत तीन गोष्टी लिहा. कोणत्या आवाजावर अडलो. जोर कुठे लागला : ओठांवर (प, ब, म), जिभेच्या शेंड्यावर (त, ट, द), जिभेच्या मागे (क, ग) की घशात (अ, आ, उ). आणि अडल्यावर शरीराने काय केलं : डोळे मिटले, मान झटकली, मांडीवर थाप मारली, 'म्हणजे म्हणजे' लावलं.

चौथी गोष्ट रेकॉर्डिंगमध्ये सापडत नाही, तरी सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. आज काय बोलायचं टाळलं? कोणता शब्द बदलला? कोणाचा फोन उचलला नाही? कृषी केंद्रात हवं ते औषध न मागता दुकानदाराने दिलं ते घेऊन आलो का? तोतरेपणाचा मोठा भाग असा न दिसणारा असतो. अमेरिकेतले शीहान नावाचे अभ्यासक स्वतः अडखळायचे. त्यांनी याला हिमनगाची उपमा दिली. आपल्या काळ्या जमिनीत याला कुंदा म्हणता येईल. वर चार पाती दिसतात आणि खाली हातभर मुळ्या असतात. वरून कापत राहिलो की तो पुन्हा येतो. लाज, भीती, टाळाटाळ या त्या मुळ्या. आता व्हॉट्सअपवर मेसेज टाकून आणि फोनने पैसे देऊन दिवसभर तोंड न उघडता निभावता येतं, त्यामुळे या मुळ्या आणखी खोल जात आहेत. तरुण पोरांमध्ये हे मी रोज पाहतो.

ही वही पंधरा दिवस ठेवा. तोवर बोलणं सुधारायच्या मागे लागू नका.

दुसरी पायरी : सांगून टाका

माझ्या बाबतीत सगळ्यात मोठा फरक कोणत्याही व्यायामाने पडला नाही, एका वाक्याने पडला. "मी बोलताना अडखळतो, जरा वेळ लागेल." बस, एवढंच. माफी मागायची नाही, कारण सांगायचं नाही. हे वाक्य आधी घरात म्हणा, मग जवळच्या मित्राला, मग बँकेतल्या खिडकीवर.

असं का करायचं? आपण अडखळतो त्याहून जास्त ताकद ते लपवण्यात घालवतो. समोरच्याला कळू नये म्हणून घसा आवळतो आणि आवळल्यामुळे आणखी अडतो. एकदा कळलंच आहे म्हटल्यावर राखण करायला काही उरत नाही. मी पहिल्यांदा हे वाक्य बाजारातल्या एका भाजीवालीला म्हटलं. ती म्हणाली, "बोल ना भाऊ आरामानं, मले कुठं जायचं हाय?" पुढच्या बुधवारी मी मुद्दाम तिच्याकडेच गेलो.

सगळेच असे भेटत नाहीत. कोणी हसेल, कोणी तुमचं वाक्य स्वतःच पुरं करेल. वाक्य पुरं करणाऱ्याला शांतपणे "थांबा, मी सांगतो" म्हणा आणि आपलं वाक्य शेवटपर्यंत न्या. त्याचा अंदाज बरोबर असला तरीही.

तिसरी पायरी : ओठ, जीभ, घसा सैल करणं

आता सराव. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरेत, पण रोज. मला जागा सापडली ती शेतात. हरभऱ्याला रानडुकरं लागतात म्हणून हिवाळ्यात रात्री जागलीला जायचो. मचाणावर एकटा. आवाज तर करायचाच असतो, मग तोच सरावाचा.

ओठांचे आवाज घ्या. 'पुसद', 'पांढरकवडा', 'बाभूळगाव'. आधी मुद्दाम ओठ घट्ट दाबून 'प' म्हणायचा प्रयत्न करा आणि तो ताण ओळखून ठेवा. मग ओठ जेमतेम टेकवून म्हणा. बोंडातून कापूस काढताना हिसका दिला की काडीकचरा सोबत येतो, हलक्या बोटांनी धरला की सरकन निघतो. ओठांचं तसंच आहे. 'प' स्वतः ताणता येत नाही, म्हणून त्याच्या पुढचा स्वर थोडा लांबवा : पुऽसद, पाऽंढरकवडा. 'क', 'ग'साठी जिभेची मागची बाजू तशीच हलकी टेकवा : काऽटोल, गोंऽदिया. 'म', 'न', 'स', 'ल' हे आवाज स्वतःच ताणता येतात. तिथे पहिल्या आवाजावर सावकाश चढा, धडकू नका.

स्वरांपाशी घसा बंद होतो. 'अमरावती' म्हणायच्या आधी किंचित श्वास बाहेर सोडा, अगदी ऐकू न येण्याइतका, आणि त्याच वाहत्या श्वासावर 'अ' ठेवा. पुष्कळ जण छाती भरून श्वास घेतात, तो कोंडतात आणि मग जोर लावतात. उलटा परिणाम होतो. साधा, नेहमीचा श्वास पुरतो.

आधी शब्द, मग दोन-तीन शब्दांचे तुकडे, मग वाक्य. वाक्य एका दमात ओढू नका. "उद्या सकाळी / मी दिग्रसला / जातो आहे." मधल्या रेघेवर खरंच थांबा. थांबणं आपल्याला फार लांब वाटतं, ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. रेकॉर्ड करून पाहा, पटेल.

चौथी पायरी : अडलो तर काय करायचं

वरचा सराव करूनही अडखळणार आहातच. म्हणून अडल्यावर सुटायचं कसं, हे वेगळं शिकायला हवं. चार्ल्स व्हॅन रायपर हे अमेरिकी वाचा-तज्ज्ञ स्वतः तोतरे होते. त्यांनी याची पद्धत बसवली. ती शिकायची मागून पुढे.

सुरुवातीला, अडखळत तो शब्द कसाबसा संपला की थांबा. दोन-तीन सेकंद. आत्ता जोर कुठे लागला ते आठवा आणि तोच शब्द पुन्हा, सैल तोंडाने म्हणा. तो न अडखळता यायला हवा असं नाही, अडखळणं सैल हवं. हे महिनाभर करा. नंतर शब्द संपायची वाट पाहू नका. अडलेले असतानाच आहे तिथे थांबून ओठ किंवा जीभ ढिली करा आणि हळू बाहेर या. चिखलात रुतलेल्या बैलगाडीला मागून नुसते झटके दिले की चाक आणखी खाली जातं, तेव्हा आधी चाकापुढची माती मोकळी करतो. तेच. शेवटी, शब्द येतो आहे आणि तो अडणार हे आधीच कळायला लागलं की तोंड आधीच सैल ठेवून त्यात शिरा.

बहुतेक जण थेट या शेवटच्या टप्प्यापासून सुरू करतात आणि चार दिवसांत सोडून देतात. मीही तसंच केलं होतं. क्रम बदलू नका.

पाचवी पायरी : मुद्दाम अडखळा

हे ऐकून माणसं माझ्याकडे विचित्र नजरेने पाहतात. पण भीती कमी करायला याहून चांगलं साधन मला मिळालेलं नाही. ज्या शब्दावर अडत नाही, त्यावर ठरवून, हलकेच अडखळायचं. "कां-कां-कांदे कसे दिले, मावशी?" असं आठवडी बाजारात दहा दुकानांवर. डोळे खाली घालायचे नाहीत. पहिल्या दुकानावर पाय कापतील. सातव्यापर्यंत कंटाळा यायला लागेल, आणि तो कंटाळाच आपल्याला हवा आहे. जे आपण स्वतः करू शकतो, त्याची दहशत राहत नाही.

सहावी पायरी : सोप्याकडून अवघडाकडे

वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या दहा प्रसंगांची यादी करा, सोपा आधी. माझी अशी होती : बैलाशी बोलणं, पुतण्याशी बोलणं, किराणा दुकान, अनोळखी माणसाला रस्ता विचारणं, तलाठी कार्यालय, एसटीचं तिकीट, आलेला फोन, स्वतः लावलेला फोन, स्वतःचं नाव सांगणं, ग्रामसभेत प्रश्न विचारणं. एका पायरीवर आठ-दहा वेळा जाऊन भीती निम्म्यावर आली की पुढची घ्या. 'न अडखळता बोललो' हे यश मोजू नका. 'जे बोलायचं होतं तेच बोललो, शब्द बदलला नाही' हे मोजा.

ग्रामसभेला मला सहा वर्षं लागली. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, दर वेळी जाऊन मागे बसायचो. शेवटी पाणंद रस्त्याबद्दल उठून विचारलं. एक मिनिटाच्या प्रश्नाला चार मिनिटं लागली. उत्तर मिळालं.

फोनवर तोंड दिसत नाही, म्हणून शांतता झाली की समोरचा "हॅलो, हॅलो" करतो. पहिलंच वाक्य दुसऱ्या पायरीवरचं ठेवा. कॉल सेंटरला फोन करणं हा उत्तम सराव आहे. ते अनोळखी असतात आणि ऐकून घेणं त्यांचं कामच असतं. आपलं नाव बहुतेकांना सगळ्यात जड जातं, कारण तिथे शब्द बदलायची सोय नसते. नावाचा सराव वेगळा, रोज वीस वेळा, हलक्या सुरुवातीने करा.

भजनात का अडत नाही?

हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. गावात संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, तिथे मी कधीच अडखळलो नाही. खंजिरीवर भजन म्हणतो, पोळ्याला झडत्या म्हणतो. त्यावरून लोक म्हणायचे, "तिथं बराबर बोलतो, मंग इथं ढोंग करते." ढोंग नव्हे. दुसऱ्यांच्या आवाजात आवाज मिसळला किंवा ठेका मिळाला की जवळजवळ सगळ्या तोतऱ्या माणसांचं अडखळणं थांबतं. बोलण्याची वेळ जुळवायला मेंदूला बाहेरून आधार मिळतो, असं अभ्यासक मानतात. आधार गेला की परिणामही जातो. म्हणून रोजचं बोलणं गाण्याच्या चालीत करायचा खटाटोप नको. पण एक उपयोग करून घ्या. घरातल्या कोणाबरोबर पेपरची बातमी एकत्र मोठ्याने वाचा, आणि त्यांनी मध्येच आवाज हळू करत गप्प व्हावं. तुम्ही वाचत राहा. नवशिक्याला स्वतःचा मोकळा आवाज ऐकायला मिळतो, आणि पुढच्या कष्टासाठी ते गरजेचं असतं.

घरात लहान मूल अडखळत असेल तर

"हळू बोल", "श्वास घे", "नीट बोल पाहू" हे सगळं बंद. त्याला फक्त एवढंच कळतं की आपलं बोलणं चुकीचं आहे. त्याऐवजी स्वतः सावकाश बोला, त्याचं पुरं होईपर्यंत थांबा, आणि दिवसातून पाच मिनिटं हातातलं काम ठेवून फक्त त्याचं ऐका. पाहुण्यांसमोर कविता म्हणायला उभं करू नका.

सहा महिन्यांहून जास्त चाललं, घराण्यात कोणी मोठेपणीही अडखळतं, किंवा मूल जोर लावतं, बोलायला घाबरतं, तर वाट पाहत बसू नका. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्यांना हे स्वतःहून सांगा, नाही तर उंची-वजन पाहून ते निघून जातील. जिल्हा पातळीवर याच कार्यक्रमाचं केंद्र असतं, त्याला डीईआयसी म्हणतात. तिथे अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत पाहतात. वाचा-तज्ज्ञ कोणत्या वारी असतात ते आधी विचारूनच निघा, गाडीभाडं वाया जाणार नाही.

शाळेत गुरुजींना भेटा. हजेरीच्या वेळी पोराला हात वर करू द्या, वाचनात त्याचा नंबर आधीच सांगून ठेवा किंवा जोडीने वाचू द्या, एवढं मागा. चिडवणाऱ्या पोरांचा विषय मात्र वर्गासमोर काढायला लावू नका.

मुलींचं दुखणं आणखी वेगळं आहे. माझ्या नात्यातली एक पोरगी पाहुणे बघायला आले की फक्त मान हलवायची, कारण "नाव काय तुझं, बाई?" इथेच ती अडायची. घरच्यांनी तिला गप्प राहायला शिकवलं होतं. नंतर तिने स्वतःच ठरवलं की आधी निरोप द्यायचा : मुलगी बोलताना अडखळते, चालत असेल तर या. दोन स्थळं आली नाहीत. तिसरं आलं ते माहीत असून आलं, आणि त्या दिवशी ती तासभर बोलली.

बिघडलेले दिवस

येतात. पेरणीच्या घाईत, झोप झाली नाही की, घरात आजारपण असलं की, आणि कधी काही कारण नसतानाही. महिनाभर चांगला गेला आणि मग एका सकाळी पहिल्या शब्दालाच अडलात, तर सराव फुकट गेला असं समजू नका. तोतरेपणाचा स्वभावच चढ-उताराचा आहे. त्या दिवशी सराव पाच मिनिटांवर आणा आणि चौथ्या पायरीतली पहिली गोष्ट, शब्दानंतर थांबणं, तेवढीच करा. मन फारच खचलं, जीव नकोसा वाटला, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तिथेही पहिलं वाक्य तेच : मी अडखळतो, वेळ लागेल.

दुसरा माणूस शोधा

एकट्याने हे सगळं वर्षभर टिकत नाही. 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन' ही अडखळणाऱ्यांनीच चालवलेली स्वमदत संस्था आहे. तिला लोक टिसा म्हणतात. 'स्वीकार' हा त्यांच्या कामाचा पाया आहे आणि त्यांच्या ऑनलाइन बैठकाही होतात. नेटवर्क मिळत नसेल तर आसपासच्या गावांतून एक माणूस शोधा. मला माझा जोडीदार खताच्या रांगेत भेटला. त्याने आपलं नाव सांगायला घेतलेला वेळ पाहून मी ओळखलं.

आम्ही रविवारी सकाळी देवळाच्या ओट्यावर बसतो. आधी दोघांनी नाव, गाव आणि आठवड्यात टाळलेला एक प्रसंग सांगायचा. मग दहा मिनिटं वाचन, थांबत थांबत. मग एकाने कंडक्टर किंवा बँकेचा साहेब व्हायचं आणि दुसऱ्याने बोलायचं. शेवटी एकेक फोन, स्पीकरवर, समोरच. कोणीही कोणाचं वाक्य पुरं करायचं नाही. आता आम्ही पाच जण आहोत, त्यात एक सातवीतला पोरगा आहे. तो आल्यापासून ठरलं की सुरुवात त्याने करायची, आणि त्याचं नाव सांगून होईपर्यंत बाकी चौघांनी त्याच्याकडे बघत शांत बसायचं.